चार आवडते, एक नावडता : नव्वदीच्या आरंभीचे चित्रपट

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना एक लांब उडी मारण्याची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा' येथवर लिहिणारा सावकाश चालतो, प्रत्येक चित्रपटापाशी थांबतो आणि मग एकदम २००४ साली 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळाल्याच्या बातमीपाशी जाऊन उतरतो. मधल्या दोन दशकांसाठी 'विनोदी लाट' किंवा 'पडता काळ' असा एखादा शब्द पुरेसा मानला जातो. आम्ही दोघे ज्या वर्षांत चित्रपट पाहायला शिकलो, ती वर्षे नेमकी या उडीखाली येतात. ज्या जमिनीवर आपण वाढलो तिलाच इतिहासात जागा नाही, हे वाचताना मनाला खटकते. प्रस्तुत लेखाचे कारण एवढेच.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेले, दुसरीचे लालबागच्या चाळीत. १९९० साली आम्ही दोघेही शाळेत होतो. त्या वर्षापासून १९९४ पर्यंतचे, आम्हांला मनापासून आवडलेले चार चित्रपट आणि तेव्हापासून पुढे बराच काळ नावडता राहिलेला एक, अशा पाचांविषयी येथे लिहावयाचे आहे. ही सर्वोत्तमांची यादी नव्हे. वैयक्तिक आवड हा इतिहासलेखनात दुबळा पुरावा मानला जातो, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु ती आवड कोणत्या पडद्यासमोर, कोणाच्या शेजारी बसून घडली हे प्रामाणिकपणे सांगितले, तर तोही इतिहासाचा ऐवज ठरू शकतो, असे आम्हांला वाटते.

प्रथम काळाविषयी थोडे. महाराष्ट्र शासनाने १९७५ साली मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना सुरू केली. एका चित्रपटावर भरलेला कर पुढचा चित्रपट काढण्यासाठी निर्मात्याच्या हाती परत येत असे. या योजनेने मराठी चित्रपट जगवला हे खरे. पण परतावा तिकीटविक्रीवर अवलंबून असल्यामुळे, ज्याला गर्दी होते तेच पुन्हा पुन्हा काढण्याकडे कल वाढला, हेही तितकेच खरे. महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' १९८५ साली आला आणि सचिन यांचा 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली. या दोहोंच्या यशानंतर अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही नावे भिंतीवरच्या पोस्टरांवरून उतरलीच नाहीत. दुसरीकडे प्रेक्षकाच्या घरातच बदल होत होता. गणेशोत्सवात मंडळे व्हीसीआर भाड्याने आणून गल्लीत चित्रपट दाखवू लागली होती. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध झाले आणि शहरांतल्या काही घरांत उपग्रहवाहिन्यांची चित्रे पोचली. जुलै १९९१ मध्ये आर्थिक धोरण बदलले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई पेटली, पुढच्या मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. आमच्या शाळकरी वयाला या घटनांचा अर्थ लागत नव्हता. वडीलधाऱ्यांचे आवाज हलके झाले आहेत, एवढे मात्र कळत होते.

या पार्श्वभूमीवर पहिला चित्रपट, सई परांजपे यांचा 'दिशा' (१९९०). भाषा हिंदी, परंतु माती संपूर्ण मराठी. दुष्काळाने गांजलेल्या बाकुरी गावातून दोन माणसे मुंबईच्या गिरणीकडे निघतात. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव यांनी त्या भूमिका केल्या आहेत. गावी उरतात त्या बायका, आणि गावाने वेडा ठरवलेला, वर्षानुवर्षे एकट्याने विहीर खोदत राहिलेला एक माणूस. तो ओम पुरी यांनी रंगवला आहे. शबाना आझमी यांनी रंगवलेली हंसा विड्यांच्या कारखान्यात काम धरते, हाती पैसा येतो, आणि घरातल्या नात्यांचा तोल हळूहळू बदलू लागतो.

या चित्रपटात मुंबईतली एक खोली आहे. एकाच खोलीत अनेक गडी पाळीपाळीने राहतात, झोपतात, भांडतात, गावाकडची पत्रे वाचतात. गिरणगावात अशा गावकीच्या खोल्या होत्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या किती गावांनी आपली तरणी माणसे त्या खोल्यांत ठेवून मागे शेती तगवली, याचा हिशेब अवघड आहे. आमच्यापैकी एकीचे वडील गिरणी कामगार. लग्नाआधीची काही वर्षे त्यांनी अशाच एका खोलीत काढलेली. दूरदर्शनवर 'दिशा' लागला तेव्हा ते सबंध चित्रपट एक शब्द न बोलता पाहत होते. संपल्यावर म्हणाले, "ट्रंका कमी दाखवल्यात." एवढीच त्यांची समीक्षा. आज आम्ही वास्तववादावर वर्गात तासभर बोलतो तेव्हा हे वाक्य आठवते. ज्याचे आयुष्य पडद्यावर आलेले असते, तो आधी सामान मोजतो.

'दिशा' आला तेव्हा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाला आठ वर्षे होऊन गेली होती. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मिटलाच नाही. म्हणजे चित्रपटातली माणसे ज्या गिरणीच्या आशेने गाव सोडत होती, ती गिरणी प्रत्यक्षात विझत चालली होती. चित्रपट हे ओरडून सांगत नाही. तो विहिरीकडे परत येतो आणि शेवटी त्या विहिरीला पाणी लागते. लहानपणी हा शेवट आम्हांला आनंदाचा वाटला. आता वाटते की त्यात एक कठोर प्रश्न आहे: गावातच पाणी होते, तर एवढी माणसे का गेली? आणि एका वेड्याने एकट्याने का खणावे लागले? साताऱ्याकडच्या आमच्या मित्राच्या गल्लीत त्याच वर्षांत मुंबईहून कायमचे परतलेले चार जण होते. त्यांच्याकडे कौतुकाने पाहावे की दयेने, हे गावाला ठरवता येत नव्हते.

दुसरा चित्रपट, संजय सूरकर यांचा 'चौकट राजा' (१९९१). निर्मिती स्मिता तळवलकर यांची. 'कळत नकळत' (१९८९) नंतरची ही त्यांची महत्त्वाची निर्मिती. लहानपणच्या एका अपघातात मेंदूला इजा झाल्यामुळे बुद्धीने मूलच राहिलेला नंदू, त्याला एकटीने सांभाळणारी आई आणि त्या अपघाताच्या वेळी सोबत असलेली, आता लग्न होऊन मुलीची आई झालेली बालमैत्रीण मीनल. दिलीप प्रभावळकर, सुलभा देशपांडे आणि स्वतः स्मिता तळवलकर यांच्या या भूमिका. अशोक सराफ यांनी शेजारच्या गणाची साधी, ओलसर भूमिका केली आहे. संगीत आनंद मोडक यांचे, गीते सुधीर मोघे यांची.

'चौकट' या शब्दाचे दोन अर्थ या शीर्षकात एकत्र आले आहेत. पत्त्यांतली चौकट आणि दाराची चौकट. नंदू पहिल्या अर्थाने राजा आहे आणि दुसऱ्या अर्थाने दाराबाहेरचा. मीनलच्या घराच्या उंबऱ्याशी तो आला की त्या सुखवस्तू घरात जी अस्वस्थता पसरते, ती या चित्रपटाचा खरा विषय आहे. मीनलला अपराधाची जाणीव आहे, नवऱ्याला शंका आहे, शेजाऱ्यांना भीती आहे. आणि या तिन्ही भावनांची किंमत नंदूची आई मोजते. जयवंत दळवींचे 'नातीगोती' हे नाटकही त्याच सुमाराचे, त्याच दुःखाविषयीचे. मध्यमवर्गीय मराठी मनाला हा प्रश्न त्या वर्षांत बोचू लागला होता, असे या दोन कृती शेजारी ठेवल्यावर दिसते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा त्यानंतर, १९९५ साली झाला. तेव्हा सर्रास वापरला जाणारा 'मतिमंद' हा शब्द मागे टाकून 'बौद्धिक अक्षमता' म्हणायला आपण आणखी उशिरा शिकलो.

येथे एक कबुली देणे भाग आहे. 'चौकट राजा' आम्ही पाहिला तो लालबागच्या एका गल्लीत, गणपतीत, मंडळाच्या व्हीसीआरवर. पहिला अर्धा तास आम्ही मुले नंदूच्या बोलण्याला मोठमोठ्याने हसत होतो. मग हसू कमी होत गेले आणि शेवटी कोणीच हसले नाही. आमच्या त्या गल्लीतही असा एक मुलगा होता. त्याला नाव होते, पण आम्ही त्याला नावाने कधी हाक मारीत नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला चिडवणे सोडले, असे येथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आम्ही चिडवतच राहिलो. फरक एवढाच पडला की त्याच्या आईकडे पाहण्याचे धैर्य त्यानंतर आम्हांला झाले नाही. चित्रपटाने माणूस सुधारतो, या विधानाविषयी आम्ही तेव्हापासून सावध आहोत. चित्रपटाने माणसाला आपण काय करतो आहोत हे दिसू लागते, एवढे मात्र आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

दिलीप प्रभावळकर यांच्याविषयी एक नोंद करून पुढे जाऊ. १९९१ साली नंदू, १९९२ साली 'एक होता विदूषक'मधला राजकारणी गुणवंत आणि १९९३ साली 'झपाटलेला'तला तात्या विंचू. निरागसता, धूर्तपणा आणि निखळ दुष्टपणा अशा तीन टोकांच्या भूमिका एकाच नटाने लागोपाठच्या तीन वर्षांत केल्या आणि तिन्ही लोकांच्या लक्षात राहिल्या. ज्या काळाला आपण 'पडता' म्हणतो, त्या काळात हे घडले आहे.

तिसरा चित्रपट याच ओघात येतो: डॉ. जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक' (१९९२). निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. पुलंचा 'गुळाचा गणपती' १९५३ चा. म्हणजे मध्ये जवळजवळ चार दशके गेली होती. गीते ना. धों. महानोर यांची, संगीत आनंद मोडक यांचे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमाशाच्या बोर्डावर आयुष्य काढलेल्या परंपरेचा तो सन्मान होता. तिकीटबारीवर मात्र चित्रपट चालला नाही.

तो का चालला नाही, हे आम्हांला ठाऊक आहे, कारण त्या अपेक्षाभंगात आम्हीही सामील होतो. दूरदर्शनवर लक्ष्मीकांत बेर्डे यांचा चित्रपट लागणार म्हणून खोलीत वीस-पंचवीस मुले जमली. अर्ध्यावर त्यांतली निम्मी उठून खेळायला गेली. पडद्यावर होता तो 'लक्ष्या' नव्हता. तमाशातल्या नाचणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेला, बापाचे नाव न मिळालेला आबुराव होता. तो बोर्डावर उभा राहून लोकांना हसवतो, चित्रपटात जातो, नट म्हणून मोठा होतो, नटीशी लग्न करतो आणि मित्राच्या बोटाला धरून राजकारणाच्या मंचावर जाऊन पोचतो. आणि त्याची स्वतःची मुलगी मात्र हसत नाही.

या चित्रपटाचे मर्म त्याच्या शीर्षकातल्या शब्दनिवडीत आहे, असे आमचे मत आहे. तमाशात विदूषक नसतो, सोंगाड्या असतो. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात सोंगाड्याचे काम ठरलेले आहे. गवळणीत तो पेंद्या होऊन प्रत्यक्ष कृष्णाची फिरकी घेतो, वगात राजाच्या तोंडावर खरे बोलतो. त्याची जागा जमिनीवर, प्रेक्षकांच्या बाजूला. विदूषक हा शब्द संस्कृत नाटकाचा. 'शाकुंतला'तला माढव्य असो की 'मृच्छकटिका'तला मैत्रेय, तो नायकाचा सखा आहे. माढव्य तर थेट राजाच्या पदरी. तोही थट्टा करतो, पण नायकाच्या सावलीत उभा राहून. आबुरावाचा प्रवास हा सोंगाड्याचा विदूषक होण्याचा प्रवास आहे. जी जीभ सत्तेची टिंगल करत होती, ती सत्तेच्या सभेत गर्दी जमवण्यासाठी वापरली जाते. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'नंतर वीस-एकवीस वर्षांनी हा चित्रपट आला, हे ध्यानात घेतले तर मधल्या काळात महाराष्ट्रात विनोदाचे आणि राजकारणाचे काय झाले, याचा एक आलेखच हाती येतो. 'सिंहासन'मध्ये जब्बार पटेलांनी मंत्रालयातली सत्ता दाखवली होती. येथे त्यांनी त्या सत्तेला टाळ्यांची गरज कशी लागते ते दाखवले.

आणखी एक गोष्ट. आबुराव हसवण्यात अडकतो, तसेच लक्ष्मीकांत बेर्डे यांचेही झाले होते. प्रेक्षकांनी, म्हणजे आम्हीच, त्यांना दुसरे काही करू दिले नाही. खोलीतून उठून खेळायला गेलेली ती दहा-बारा मुले या इतिहासातली पात्रे आहेत. १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले. त्याच वर्षी 'श्वास'चा गौरव झाला होता आणि मराठी चित्रपटाचे पुनरागमन झाले, असे सगळीकडे लिहिले जात होते. पुनरागमनाचा आनंद करताना, मधल्या वर्षांत हा चित्रपट ज्याने खांद्यावर वाहून नेला त्याच्या सर्वांत अवघड भूमिकेकडे पाहायला आपण उशीर केला, ही खंत आम्हांला आहे.

चौथा चित्रपट, पुन्हा डॉ. जब्बार पटेल यांचाच, 'मुक्ता' (१९९४). अमेरिकेत वाढलेली, राजकारणातल्या प्रतिष्ठित मराठा घराण्यातली मुक्ता महाराष्ट्रात परत येते आणि मिलिंद वाघ या दलित कवी-कार्यकर्त्याकडे ओढली जाते. सोनाली कुलकर्णी आणि अविनाश नारकर यांच्या त्या भूमिका. पुढे तिचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय मित्र येतो, आणि घरातल्या माणसांच्या उदारपणाची परीक्षा दोन बाजूंनी सुरू होते. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

वर्ण आणि जात यांची ही तुलना केवळ पटकथेची सोय नव्हती. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. शिवाय १९९४ हे वर्ष महाराष्ट्रात साधे नव्हते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला; त्यानंतर दंगली झाल्या, घरे जळाली, माणसे गेली, मोर्चे निघाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावाला साडेपंधरा वर्षे लागली. त्या वर्षी एका मराठी चित्रपटाने सवर्ण घरातल्या दिवाणखान्यात हा प्रश्न आणून ठेवला, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

तरीही आज 'मुक्ता' पाहताना आम्हांला दोन गोष्टी टोचतात. एक, हा प्रश्न विचारण्यासाठी मुलगी अमेरिकेहून यावी लागते; येथेच वाढलेल्या मुलीला तो विचारण्याची मुभा पटकथेलाही देववली नाही. दुसरी, मिलिंदला सर्वगुणसंपन्न असावे लागते. तो शिकलेला, कवी, संयमी, निष्कलंक. प्रेम करण्याचा अधिकार मिळवण्यासाठी दलित नायकाने आधी निर्दोष ठरले पाहिजे, अशी एक अट त्यात नकळत आली आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तल्या जब्याला ही अट नाही. तो सामान्य मुलगा आहे, लाजतो, खोटे बोलतो आणि शेवटी दगड भिरकावतो. 'सैराट'मधला (२०१६) परश्याही आदर्श नाही. 'मुक्ता' ते 'सैराट' हे अंतर बावीस वर्षांचे आहे. परंतु ते अंतर मोजता येते, कारण एका टोकाला 'मुक्ता' उभा आहे. ज्यांनी मधला काळ रिकामा समजला, त्यांना ते मोजता येणार नाही.

आता नावडता चित्रपट. विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' (१९९१). अलका कुबल, विक्रम गोखले, उषा नाडकर्णी, अजिंक्य देव, रमेश भाटकर. 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावर तो बेतलेला होता. पोरीला पांढऱ्या पायाची मानून तिच्यावर राग धरणारा बाप, जीव लावणारा भाऊ, छळणारी सासू. त्या वर्षांत एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्याच मराठी चित्रपटाला झाली नसावी. आमच्या तालुक्याच्या गावी आसपासच्या खेड्यांतून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून, फडक्यात भाकरी बांधून येत. खेळ सुटल्यावर थिएटरच्या दारात सुजलेल्या डोळ्यांची रांगच्या रांग दिसे.

पुढे, १९९८-९९ च्या सुमारास, एम. ए. करताना आम्हां दोघांची ओळख झाली. वर्गातल्या आम्हां सर्वांना 'माहेरची साडी' हा शब्द उच्चारला की हसू येई. उथळपणाचे, भडक भावनाविवशतेचे ते आमचे ठरलेले उदाहरण होते. याच वर्षांत आम्ही लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका शिकत होतो. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन' वाचत होतो, सरोजिनी बाबर यांनी संकलित केलेली स्त्रीगीते वाचत होतो. जात्यावरच्या ओव्यांतला सासुरवास, भावाची वाट, माहेरच्या लुगड्याचे कौतुक यांवर आम्ही टिपणे काढत होतो, निबंध लिहीत होतो, आणि तास संपला की उपाहारगृहात बसून त्याच सासुरवासाच्या, त्याच भावाच्या आणि त्याच लुगड्याच्या चित्रपटाची टिंगल करत होतो. या दोहोंतली विसंगती कित्येक वर्षे आमच्या लक्षातही आली नाही. ओवी म्हणणारी बाई पुस्तकात होती म्हणून आदरणीय. तीच बाई तिकीट काढून रांगेत उभी राहिली तेव्हा आम्ही तिला हसलो.

आमच्यापैकी एकाची आत्या त्या ट्रॉलीतून आली होती. तेवीस वर्षे नांदलेली, तोंडातून कधी तक्रार न काढलेली. चित्रपट पाहून ती रात्री आमच्याच घरी मुक्कामाला राहिली. कोणाशी फार बोलली नाही. पुढच्या वेळी आम्ही तिच्या गावी गेलो तेव्हा आजीने, म्हणजे तिच्या आईने, दिलेले एक लुगडे अंगणातल्या दोरीवर उन्हात घातलेले होते. इतकी वर्षे ते पेटीच्या तळाशी होते, हे आम्हांला आईकडून कळले. एम. ए. च्या वर्गातल्या त्या हास्यविनोदात हा आमचा मित्र सामील होत असे. आत्याविषयी तो तेव्हा कोणाला काही बोलला नाही. हा लेख लिहिताना प्रथमच बोलला.

याचा अर्थ 'माहेरची साडी' आता आम्हांला आवडतो, असा नाही. ओवी आणि हा चित्रपट यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आवडीचा नसून अधिकाराचा आहे. ओवी बाई स्वतः रचते, स्वतःच्या हाताच्या गतीवर म्हणते, तिच्यात सासूला टोमणाही असतो आणि नवऱ्याला चिमटाही. चित्रपटात तिचे दुःख दुसरे कोणी रचतो, विकतो, आणि सोसणे हाच तिचा मोठेपणा आहे असे तिला पटवून देतो. भारतीय दंडविधानात सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ सालीच आले होते. आठ वर्षांनंतरच्या या चित्रपटाने बाईच्या हाती कायदा तर सोडाच, धड एक सडेतोड वाक्यही दिले नाही. ही टीका आम्ही आजही मागे घेत नाही. मात्र एवढ्या बायका एका अंधाऱ्या जागी एकत्र बसून, कोणी विचारील या भीतीशिवाय रडू शकल्या, ही घटना मराठी सामाजिक इतिहासातली आहे आणि ती त्या चित्रपटानेच घडवली. समीक्षकाने चित्रपट नापास करावा. त्या रडण्याला नापास करण्याचा हक्क त्याला कोणी दिला?

हे पाचही चित्रपट शेजारी ठेवले की एक समान प्रश्न दिसू लागतो. 'दिशा'तल्या माणसाला दोन घरे आहेत आणि तो दोन्हींकडे पाहुणा आहे. नंदू उंबऱ्याबाहेर आहे. आबुरावाला बोर्डाखेरीज घर नाही. मुक्ता घरी परत येते आणि ते घर कोणाकोणाला आत घेते ते तपासते. आणि 'साडी'तल्या मुलीचे ना माहेर स्वतःचे, ना सासर. ज्या वर्षांत देशाने बाहेरच्या जगासाठी दारे उघडली, त्याच वर्षांत मराठी माणसे पडद्यावर आपल्याच घराच्या दाराशी उभी राहून आत घेण्याची विनवणी करत होती. हे कोणी ठरवून केले नव्हते. या चित्रपटांच्या कर्त्यांत दृष्टीचे, वर्गाचे, हेतूचे किती अंतर होते हे वर आलेच आहे. म्हणूनच तो प्रश्न त्या काळाचा होता, असे म्हणण्यास आम्ही धजतो.

गेली काही वर्षे लोकसाहित्याची पत्रिका शिकवताना आम्ही एक गोष्ट करतो. ओव्या वाचून झाल्या की विद्यार्थ्यांना सांगतो, घरी जाऊन आजीला किंवा आईला विचारा, कोणता चित्रपट पाहताना तुम्ही रडलात आणि शेजारी कोण बसले होते. पहिल्या वर्षी एका विद्यार्थिनीने वहीचे एकच पान लिहून आणले. आजीने चित्रपटाची गोष्ट पाच ओळींत संपवली होती आणि उरलेल्या पानभर, त्या दिवशी ट्रॉलीत आपल्या बाजूला कोणकोणत्या गावच्या बायका बसल्या होत्या, त्यांची नावे सांगितली होती.